चाळ बांधणाऱ्या पायांचा हिशेब



कामगार संघटनेच्या माणसाने लावणीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. लावणीच्या शृंगारावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. ती लावणी ज्या गुडघ्यांवर उभी राहते, त्यांच्याविषयी चार शब्द सांगणार आहे. गिरणीतले यंत्र झिजले तर मालक त्याचा घसारा हिशेबात धरतो. कामगाराचे शरीर झिजले तर आपण वय झाले म्हणतो. नर्तकीच्या बाबतीत तेवढेही कोणी म्हणत नाही. तिच्या जागी दुसरी येते आणि ढोलकी चालू राहते.

आधी गुडघा म्हणजे काय ते पाहू. हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, त्यातून तिचे पोषण होते. आणि पाय हलला, दाब पडला व सुटला, म्हणजे तो द्रव आतबाहेर खेळतो. म्हणून नुसते बसून राहिल्याने सांधा वाचत नाही. साध्या चालण्यातही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. मांडीचे स्नायू बळकट असले तर ते बराचसा धक्का झेलतात. पण स्नायू थकले, सांध्यातली गादी फाटली आणि तरीही त्याच पायावर ठेका धरला, की कूर्चा झिजण्याचा धोका वाढतो. पुढे हाडांना कंगोरे फुटतात, जिना चढताना कळ येते. हा झिजेचा संधिवात. गेलेली कूर्चा पूर्ववत् करणारे औषध आजही नाही.

आता तमाशाचा हंगाम डोळ्यांसमोर आणा. दसऱ्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आज या गावी, उद्या त्या गावी. रात्री बोर्डावर नाचायचे, मग गाडीत बसून पुढचे गाव गाठायचे. पायांतल्या चाळांचेच वजन काही किलो भरते. पाय मुरगळला तरी सुपारी घेतलेली असते. खेळ चुकला तर फडातल्या साऱ्यांच्या पोटाचा प्रश्न. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींकडून गौरव झाला. त्या ऐन खेळात बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. मला ती ऐकताना प्रश्न पडतो, की त्या रात्री त्या बाईला रजा देणारे कोणीच कसे नव्हते? २००२ साली त्या गेल्या, त्या हलाखीत.

आपल्या देशात कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली झाला. त्याला धंद्यातून जडणाऱ्या रोगांची यादी जोडलेली होती. त्या यादीत नर्तकीच्या गुडघ्याला जागा नव्हती.

मग करावे काय? नाचण्यापूर्वी अंग मोकळे करावे. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हंगाम संपल्यावरही सोडू नये. वजन आटोक्यात ठेवावे. गुडघा सुजला तर तो बरा होईपर्यंत चाळ बांधू नयेत. वेदनाशामक गोळी घेऊन रोज नाचणे घातक. कळ दबते, दुखापत वाढते, आणि अशा पुष्कळ गोळ्या जठराला व मूत्रपिंडाला बाधतात. वय वाढले म्हणजे कला संपली, असेही नाही. वाईच्या यमुनाबाई वाईकर शंभरी ओलांडून २०१८ साली गेल्या. त्यांची बैठकीची लावणी बसल्या जागी, गळ्याने आणि अदाकारीने रंगत असे.

पण ‘विश्रांती घ्या’ हा उपदेश ज्याच्या हाती रोजगार आहे त्याने ऐकला पाहिजे. जत्रेला सुपारी कोण देतो? गाव देते, म्हणजे तुम्ही-आम्ही. मालक आपणच! तेव्हा ठरावात चार गोष्टी लिहा. नाच सिमेंटच्या ओट्यावर नको, लाकडी फळ्यांच्या बोर्डावर व्हावा. दोन नाचांमध्ये विसावा असावा. पाय दुखावलेल्या बाईला त्या रात्रीची बिदागी पुरी मिळावी. आणि ‘वन्स मोअर’ला मर्यादा असावी. दहिवलीच्या मुली शाळेच्या संमेलनात नाचतील, तेव्हाही आईबापांनी पायाखालची जमीन आधी पाहावी.

टाळी वाजवायला आपल्याला काही पडत नाही. त्या टाळीची किंमत समोरच्या बाईच्या गुडघ्यातून वसूल होऊ नये, एवढीच माझी मागणी आहे.