शेवटच्या कडव्यातलं नाव



आकाशवाणीवर गाणं लागण्यापूर्वी निवेदक नावं सांगतात. गीत कोणाचं, संगीत कोणाचं, गायलं कोणी. आज मला त्यातल्या पहिल्या नावाबद्दल बोलायचं आहे.

मागच्या पावसाळ्यात द्वारकेवरून रिक्षाने घरी येत होतो. रिक्षावाल्याच्या मोबाइलवर हळदीचं गाणं चालू होतं. दुसऱ्या ओळीला मी दचकलो. गाणं माझं होतं! १९९६ साली एका कॅसेटसाठी मी आठ गाणी लिहिली होती. पाकिटातून पैसे मिळाले, कागदावर सही केली, विषय संपला. मी विचारलं, "कोणाचं रे हे गाणं?" तो म्हणाला, "लई जुनं आहे चाचा, आमच्या आजीच्या वेळचं."

घरी येऊन मुलीला शोधायला लावलं. तेच गाणं पाच ठिकाणी, वेगवेगळ्या आवाजांत, लाखांवर वेळा ऐकलेलं. तीन ठिकाणी गीतकाराचं नावच नाही, दोन ठिकाणी 'पारंपरिक'.

खरं सांगतो, आधी आनंदच झाला. आपलं गाणं लोकांनी आजीचं मानावं, याहून मोठा पुरस्कार कुठला? पण 'पारंपरिक' या नावाचं बँकेत खातं नसतं.

आपल्याकडे कवी स्वतःची नोंद कवितेतच करत आले. अभंगाच्या शेवटी तुकोबा आपलं नाव घालतात, श्रीगोंद्याचे शेख महंमदही घालतात. गझलेच्या मक्त्यात तखल्लुस येतो. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे लोककवी वामनदादा कर्डक घ्या. मोठेपणी मुंबईत अक्षरओळख झालेल्या या माणसाची गाणी गावोगाव गायली गेली, आणि शेवटच्या कडव्यात अनेकदा 'वामन' असायचा. गायकाने सांगितलं नाही, तरी गाणं सांगायचं. वामनदादा २००४ साली गेले. कायद्याप्रमाणे कवीच्या शब्दांवरचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे त्यांच्या बाबतीत २०६४च्या अखेरपर्यंत.

माझ्याही गाण्यात शेवटच्या कडव्यात माझं नाव होतं. कॅसेटच्या वेळात बसत नाही म्हणून तेवढं कडवं गाळलं गेलं.

नव्या तंत्राला मी नावं ठेवत नाही. कॅसेटच्या काळात गाणं विकायला कंपनी लागे, दुकानदार लागे. आता गल्लीतला पोरगा लॅपटॉपवर गाणं करतो आणि ते दुबईतही ऐकू येतं. पण पैशाची वाट बदलली आहे. ध्वनिमुद्रणाचे पैसे वेगळे आणि शब्द-चालीचे वेगळे. ध्वनिमुद्रणाच्या पैशालाही उंबरठा आहे. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की, आधीच्या बारा महिन्यांत गाणं निदान १००० वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसे नाहीत. आणि शब्दांचा वाटा? तो नोंदीत ज्याचं नाव, त्याच्याकडे जातो. संगणकाला शेवटचं कडवं कळत नाही. त्याला भरलेला रकाना कळतो.

कायदा आपल्या बाजूला आहे. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिचा आग्रहाने पुरस्कार केला. ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा गीतकार आणि संगीतकार आता वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देऊ शकतात, इतर कोणाला नाही. गीतकार-संगीतकारांसाठी पैसे गोळा करणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी तर १९६९ पासून आहे. पण सदस्य व्हावं लागतं, एकेक गाणं नोंदवावं लागतं. आम्ही मुशायऱ्याला रात्र जागवतो आणि अर्ज भरायला कंटाळतो.

माझ्या पत्नीने पेटीतून त्या कॅसेटचं वेष्टन शोधून काढलं. त्यावर बारीक अक्षरांत माझं नाव छापलेलं होतं. सही केलेला कागद मात्र माझ्याकडे नाही, त्यामुळे मी नेमकं काय लिहून दिलं हे मलाच ठाऊक नाही. वेष्टनाचा फोटो मी पाचही जणांना पाठवला. चौघे गप्प आहेत. एका मुलाने, येवल्याकडच्या, तासाभरात 'पारंपरिक' पुसून माझं नाव लिहिलं आणि फोन केला, "चाचा, माफ करा, माहीतच नव्हतं. याला आणखी एखादं कडवं आहे का?"

मी म्हटलं, "आहे ना बेटा. लिहून घे."