बोटावरचा थेंब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात मी आजवर भजनाला टाळ धरला, हळदीकुंकवाला पानसुपारी वाटली. पण चारजणींपुढे उभे राहून बोलण्याचा हा पहिलाच प्रसंग. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्यावे. विषय मात्र घराघरांतला आहे : बोट टोचून रक्तातली साखर पाहण्याचे यंत्र.

माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे; सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन घ्यावे लागते. गेल्या फाल्गुनात घरी द्राक्षांची पेटी आली. सासूबाई घोसांतले फुटके मणी निवडून काढीत होत्या. संध्याकाळची वेळ झाली म्हणून मी तशीच बसल्या जागी त्यांचे बोट टोचले. आकडा आला ३२०! माझ्या पोटात धस्स झाले. नेहमीचे इन्शुलिन टोचले आणि म्हटले, "आई, आज अर्धीच भाकरी घ्या, भात नको." त्या बिचाऱ्या काही न बोलता पानावरून उठल्या.

रात्री दहाच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. मुलीने त्यांचे हात साबणाने धुऊन कोरडे केले व पुन्हा पाहिले. आकडा ५८! म्हणजे साखर तेवढी वाढलीच नव्हती. मीच त्यांना उपाशी ठेवले होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, तेव्हा कुठे आमच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "यंत्र खोटे बोलले नाही. तुम्ही त्याला द्राक्षाचा रस दाखवलात." मला ते उमजेना, म्हणून बी.एस्‌सी. शिकणाऱ्या मुलीच्या मागे लागून मी सारे समजावून घेतले.

पट्टीच्या टोकाला एक विकर लावलेले असते. पुष्कळ पट्ट्यांत ते ग्लुकोज ऑक्सिडेज असते. कांद्याच्या सालीवर काळी बुरशी धरते ना, तिच्याच जातीपासून ते काढतात. रक्ताचा थेंब पट्टीत ओढला गेला की हे विकर नेमके ग्लुकोजच हेरते. त्या क्रियेतून विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. साखर जास्त तर प्रवाह जास्त. दारावरचा मीटर जशी वीज मोजतो, तसे यंत्र हा प्रवाह मोजून आकडा दाखवते, आणि तेही पाच-दहा सेकंदांत. ही युक्ती अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडली. १९८७ साली पेनाएवढे यंत्र बाजारात आले. जुन्या काळी घरी लघवी औषधात उकळून रंग पाहत.

आता गंमत पाहा. ग्लुकोजला मराठीत द्राक्षशर्करा म्हणतात. साखर रक्तातली की बोटावरच्या रसातली, हे त्या विकराला काय ठाऊक? थेंब एवढासा, त्यात रसाचा लवलेशही पुरतो. आंबा चिरला, गूळ फोडला, तरी तोच धोका.

म्हणून मैत्रिणींनो, एवढे लक्षात ठेवा. बोट टोचण्यापूर्वी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावे. नुसते स्पिरिटने पुसणे पुरत नाही. पट्ट्यांची डबी घट्ट मिटावी, दमट हवेने त्या बिघडतात. डबीवरची मुदतही पाहावी. सुई एकमेकींची वापरू नये. घरचे यंत्र थोडे मागेपुढे दाखवते, तेव्हा मधुमेह आहे की नाही हे प्रयोगशाळेतच ठरवून घ्यावे. आकडा आणि माणसाची तब्येत जुळत नसेल, तर हात धुऊन पुन्हा पाहावे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध कमीजास्त करू नये. ७० च्या खाली आकडा गेला तर लगेच साखरपाणी द्यावे. पण माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा.

सासूबाईंनी मला त्या रात्रीबद्दल एका शब्दाने टोचले नाही. मात्र आता यंत्र काढले की त्या आपण होऊन मोरीकडे जातात आणि मला म्हणतात, "तूही धू गं." त्यांचे ते तीन शब्द तुम्हां सर्वांना सांगून मी माझे भाषण संपवते.