चकेरीच्या भंगारातून



नाशिक जिल्ह्यात विमान म्हटलं की ओझरचा कारखाना. सावळघाट ओलांडून कामाला जाणाऱ्या आपल्या पेठच्या माणसालाही मिग आणि सुखोई ही नावं तोंडपाठ असतात. आज तो कारखाना चालवणाऱ्या कंपनीच्या थोरल्या घरची, म्हणजे बंगळूरची गोष्ट सांगणार आहे. ओझरच्या माळावर तेव्हा कारखान्याचा पत्ताही नव्हता.

साल १९४८. काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि आपल्या हवाई दलाकडे एकही जड बॉम्बफेकी विमान नव्हतं. डाकोटा ही खरं तर माल आणि माणसं वाहणारी विमानं. त्यांच्या दारातून हातांनी बॉम्ब बाहेर ढकलून वेळ भागवावी लागली होती. नवी विमानं घ्यायची तर परकीय चलन हवं आणि विकणाराही राजी हवा. त्याच वेळी कानपूरजवळ चकेरीच्या विमानतळावर चार इंजिनांच्या मोठ्या विमानांचा तांडा ऊन-पाऊस खात पडून होता. लिबरेटर त्यांचं नाव.

लिबरेटर म्हणजे अमेरिकेचं बी-२४. पंखांचा पसारा ११० फूट, आत आठ-दहा माणसं. दुसऱ्या महायुद्धात अशी १८,००० हून अधिक विमानं बांधली गेली. फोर्ड मोटार कंपनीच्या मिशिगनमधल्या कारखान्यातून तर ऐन भरात तासाला साधारण एक विमान बाहेर पडत होतं. ब्रिटिश हवाई दलानं ती भारतातल्या तळांवरून ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध वापरली. पण ती उसनी होती. युद्ध संपलं की परत करा, नाहीतर किंमत मोजा, तेही जमत नसेल तर मोडून टाका, अशी बोली. परत न्यायचा खर्च कोण करतो? विमानं चकेरीला जमा झाली आणि तिथे मोडली गेली.

कशी मोडली? कुणाच्या नाकाडावर अवजड वाहन घातलं, कुणाच्या इंजिनात वाळू ओतली, कुठे आतल्या तबकड्यांवर कुदळ चालवली, कुठे अंगाच्या पत्र्याला भोकं पाडली. आता यातली मेख बघा. शत्रूच्या हाती यंत्र लागू द्यायचं नसेल तर सगळ्या यंत्रांचा तोच एक भाग फोडायचा, असं सैन्यात शिकवतात. प्रत्येक बंदुकीचा घोडा काढून नेला तर शंभर बंदुकांतून एकही चालू बंदूक जुळत नाही. चकेरीत हे झालं नाही. मला वाटतं, तिथल्या शिपायांना घरी जायची घाई होती. युद्ध जिंकलेलं, समोर विमानांच्या रांगाच्या रांगा, आणि काम काय तर हाताला लागेल तिथे घाव घालायचा. त्यामुळे एकाचं नाक गेलं पण शेपूट शाबूत राहिलं, दुसऱ्याचं इंजिन बाद झालं पण पंख धड राहिले. मोडतोडीतला हा गबाळेपणा पुढे आपल्या कामी आला.

हे हेरलं बंगळूरच्या त्याच कंपनीच्या, तेव्हाच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी. ही कंपनी १९४० च्या डिसेंबरात बंगळूरला काढली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी. आपल्या जिल्ह्याला त्यांची ओळख वेगळ्या कारणानं आहे: मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखाना त्यांचाच, आणि रावळगावची गोळी न चघळलेला माणूस आपल्याकडे विरळा. वालचंदांना विमानं बांधायची होती. पण युद्ध सुरू असल्यानं सरकारनं कारखाना ताब्यात घेतला, आणि १९४३ पासून तिथे अमेरिकी सैन्याचा दुरुस्ती डेपो चालला. वालचंदांच्या मनासारखं झालं नाही. मात्र तिथल्या कामगारांचे हात अमेरिकी विमानांवर बसले, ते याच काळात.

तर ही माणसं चकेरीला पोचली. बैलबाजारात जाणता शेतकरी दात, खूर, खांदा बघत फिरतो, तशी ती त्या रांगांमधून फिरली असणार. एक बरं विमान निवडायचं आणि त्याला लागेल ते शेजारच्याकडून काढायचं: चाक, पंखा, काच, पेट्रोलचा पंप. लिबरेटरच्या एका इंजिनात १४ सिलिंडर, प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एका विमानाचे नुसते प्लगच ११२. त्यात युद्ध संपून दोन-तीन पावसाळे उलटलेले. पत्रा एक वेळ तग धरतो, रबर धरत नाही. तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक, चाकं आत घेणारी यंत्रणा, पंखातल्या पेट्रोलच्या थैल्या, सगळीकडे रबर.

कानपूरला फक्त उडण्यापुरतं काम करायचं, बाकीचं बंगळूरला, असा बेत होता. मधलं अंतर सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटर. हे अंतर कापायचं कुणी? कंपनीचे वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी. त्यांनी लिबरेटर आधी कधी चालवलं नव्हतं, पुस्तक वाचून ते तयार झाले, असं सांगतात. तात्पुरत्या ठिगळांवर उभं केलेलं चार इंजिनांचं धूड धावपट्टीवरून उचलायचं, बंगळूरला उतरवायचं, आणि पुन्हा पुढच्यासाठी कानपूरला यायचं. या प्रसंगावर सिनेमा निघाला नाही याचं मला नवल वाटतं. कदाचित कुणी मेलं नाही म्हणून निघाला नसेल.

बंगळूरला खरं काम झालं. हल्ली अशी हकीकत ऐकली की लोक ‘काय जुगाड केला!’ म्हणून टाळ्या वाजवतात. मला ते पटत नाही. तारेनं बांधून मोटारपंप चालतो, विमान चालत नाही. इंजिन पूर्ण उलगडायचं, एकेक भाग धुऊन तडा तपासायचा, मापात बसला तर ठेवायचा, नाहीतर फेकायचा. सुकाणूच्या तारा सगळ्या ताणून बघायच्या. रिव्हेट काढून नवा पत्रा बसवायचा. तपासनिसाची सही पडल्याशिवाय पुढचं काम नाही. फिटरचं किंवा शीटमेटलचं काम शिकणारी आपल्याकडची पोरं हे ऐकत असतील तर त्यांना कळेल, यात चमत्कार कुठेच नाही, चिकाटी मात्र अचाट आहे.

२ नोव्हेंबर १९४८ ला कानपूरलाच हवाई दलाचं पाचवं स्क्वाड्रन याच विमानांवर उभं राहिलं. पुढच्या काळात अशी चाळीसच्या वर लिबरेटर उभी झाली. सहावं स्क्वाड्रन १९५१ साली पुण्याला लिबरेटरवरच नव्यानं उभं राहिलं. त्याचं काम समुद्रावर टेहळणीचं, कारण लांबचा पल्ला ही या विमानाची मोठी खुबी. पाचव्याला १९५७ साली कॅनबेरा जेट विमानं मिळाली. शेवटची लिबरेटर मात्र १९६८ च्या अखेरीपर्यंत सेवेत होती. जी विमानं १९४५ नंतर निकामी ठरवली होती, त्यांनी आणखी वीस वर्षं काढली.

बंगळूरच्या त्याच कारखान्यात तेव्हा कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे विमानांचे आराखडे करत होते. जर्मनीत गॉटिंगेनला वायुगतिशास्त्राचे प्राध्यापक प्रांट्ल यांच्याकडे शिकून आलेला हा माणूस. त्यांचं एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडालं, आणि ते उडवलं मुन्शींनीच. दुसऱ्यांची मोडकी विमानं आणि आपलं पहिलं वहिलं विमान, दोन्ही एकाच माणसाच्या हातून आकाशात गेली.

आता गंमत ऐका. अमेरिकेनं युद्धानंतर आपली लिबरेटर बहुतेक सगळी वितळवून टाकली. मग पुढे संग्रहालयांना ती हवीशी झाली, तेव्हा धड विमान मिळायचं ठिकाण उरलं ते भारत. एक कॅनडात ओटावाला गेलं, एक अमेरिकेत अॅरिझोनाला, एक १९७४ साली ब्रिटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयाला. म्हणजे ज्यांनी ती मोडली त्यांच्याच घरी एक परत गेलं, तेही उडत. आणखी एक, १९४४ सालचं, आपल्याकडून निघून आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं. तिथे ते पुन्हा उलगडून दुरुस्त केलं आणि १९८९ साली परत हवेत उडालं.

आपल्याकडचं एक दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे. कामानिमित्त दिल्लीला गेलात तर सवड काढा. तोफा आणि बॉम्ब सगळेच बघतात, तुम्ही पत्र्याजवळ जाऊन रिव्हेटांच्या ओळी न्याहाळा. कुठला तुकडा मूळचा आणि कुठला शेजारच्याचा, हे ओळखता येतं का बघा. मला काही आलं नाही.