हेअर स्प्रेवरून सुचलेला पंप

१९५५ साल. अमेरिकेतल्या राइकर लॅबोरेटरीज या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या मुलीला दमा होता. रबरी फुगा दाबून फवारा घ्यायचा तिला वैताग आला होता. हेअर स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का भरत नाहीत, असं तिनं वडिलांना विचारलं. १९५६ मध्ये मोजून फवारा देणारा पहिला इनहेलर, म्हणजेच पंप, बाजारात आला!

१९६९ पासून त्यात साल्ब्युटामॉल मिळू लागलं. श्वासनलिकांभोवतीचे आवळलेले स्नायू ते सैल करतं. एका फवाऱ्यात औषध असतं जेमतेम १०० मायक्रोग्रॅम. गोळीत त्याच्या वीस ते चाळीस पट. तरी पंपाचा गुण काही मिनिटांत येतो, कारण औषध थेट जागेवर पोचतं. ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ ही समजूत म्हणूनच उफराटी.

घोटाळा होतो तो घेण्याच्या पद्धतीत. पंप हलवावा, श्वास पूर्ण सोडावा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटावेत, सावकाश आत ओढतानाच दाबावं आणि दहा आकडे श्वास रोखावा. मुलांना, वयस्करांना हा मेळ जमत नाही. त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी.

मात्र साल्ब्युटामॉल श्वासनलिकांच्या आतली सूज उतरवत नाही. आठवड्यात दोनदापेक्षा जास्त वेळा ते लागत असेल, तर डॉक्टरांना गाठावं. सुजेसाठी स्टेरॉइडचा पंप असतो. तो डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नेमानं घ्यायचा आणि नंतर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.