शुश्रूषेंतील पाणी

अमरकोशांत पाण्याला जीं अनेक नांवें दिलेलीं आहेत, त्यांत ‘जीवन’ हेंहि एक आहे. शाळेंत हा शब्द पाठ करणाऱ्या मुलाला त्याचा अर्थ कळतो. पण त्याचा प्रत्यय येतो तो पुष्कळ वर्षांनीं, घरांतील कोणी वडील माणूस अंथरुणाला खिळलें म्हणजे. औषधें वेळच्या वेळीं दिलीं जातात, पथ्य सांभाळलें जातें, डॉक्टरांचे कागद पिशवींत नीट लावून ठेवलेले असतात. आणि उशाशीं ठेवलेला तांब्या मात्र सकाळीं भरला तसाच संध्याकाळीं भरलेला आढळतो. तहान लागली म्हणजे माणूस पाणी मागेलच, अशी सर्वांची समजूत असते. म्हणून त्या तांब्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

ही समजूत तरुणांपुरती बरीचशी खरी आहे. वय वाढलें म्हणजे तहानेची जाणीवच बोथट होते. शरीराला पाण्याची गरज असूनहि तशी सूचना वेळेवर मिळत नाहीं. पाणी राखून ठेवण्याची मूत्रपिंडांची शक्ति उतारवयांत कमी होते. आणि शरीरांतील पाण्याचा मोठा सांठा ज्या स्नायूंत असतो, ते स्नायूच क्षीण झालेले असतात. सांठा थोडा, गळती अधिक आणि पहारेकरी झोंपलेला, अशी ही तिहेरी अडचण आहे. रक्तदाबासाठीं लघवी वाढविणारें औषध चालू असलें, तर तिच्यांत आणखी भर पडते.

याखेरीज एक कारण शरीराचें नसून मनाचें आहे. पाणी प्यालें कीं लघवीला जावें लागणार, त्यासाठीं सुनेला किंवा मुलाला हांक मारावी लागणार, रात्रीं कोणाची तरी झोंप मोडणार, या संकोचानें कित्येक वृद्ध माणसें जाणूनबुजून पाणी तोडतात. त्यांच्यापुढें पाण्याचें माहात्म्य कितीहि सांगितलें तरी उपयोग होत नाहीं. खाटेजवळ बसण्याचें भांडें असावें, भिंतीला धरावयास दांडी असावी, रात्रीं मंद दिवा असावा, आणि हांक मारल्यावर येणाऱ्याच्या कपाळावर आठी नसावी; एवढी सोय झाली कीं पेला आपोआप रिकामा होऊं लागतो. दिवसाचें बहुतेक पाणी संध्याकाळच्या आंत पोटांत जाईल अशी व्यवस्था केली म्हणजे रात्रीची चिंताहि कमी होते.

ही हयगय किती महाग पडते, याची कल्पना पुष्कळ घरांना नसते. काल नीट बोलणारे आजोबा आज एकाएकीं असंबद्ध बोलूं लागतात, माणसें ओळखीत नाहींत, दिवसा झोंपतात आणि रात्रीं जागतात. आणि घरचे लोक ‘वय झालें’ असें म्हणून स्वस्थ बसतात. अशी एकाएकीं आलेली भ्रांति हें म्हातारपण नव्हे, तें आजाराचें लक्षण आहे. आणि त्याच्या मुळाशीं पाण्याची तूट, मूत्रमार्गांतील दोष किंवा एखादें औषध असण्याचा पुष्कळ संभव असतो. तेव्हां उद्यांची वाट न पाहतां डॉक्टरांस बोलवावें. तरुण माणसाला लघवीच्या गडद रंगावरून पाण्याची तूट ओळखतां येते. वृद्धांच्या बाबतींत मात्र हा रंग, तोंडाची कोरड किंवा कातडीची सुरकुती यांवर भरंवसा ठेवतां येत नाहीं, असें तज्ज्ञांस आढळून आलें आहे. खरी स्थिति रक्ताच्या तपासणीनेंच कळते. म्हणून लक्षणें उमटण्याची वाट पाहण्यापेक्षां, रोज किती पाणी पोटांत गेलें याचा हिशेब ठेवणें हेंच शहाणपणाचें.

युरोपांतील वैद्यकीय पोषणशास्त्राच्या संस्थेनें वृद्धांसाठीं जें मार्गदर्शन केलें आहे, त्याप्रमाणें स्त्रियांनीं दिवसाला निदान १.६ लिटर आणि पुरुषांनीं २ लिटर पेय पदार्थ घ्यावे. उन्हाळ्यांत, तापांत किंवा जुलाबांत त्याहून अधिक. हा आंकडा मोठा वाटतो. पण त्याचे भाग पाडले म्हणजे तो सोपा होतो. उठल्यावर, न्याहारीबरोबर, सकाळच्या औषधांबरोबर, अंग पुसून झाल्यावर, दुपारच्या जेवणाबरोबर, वामकुक्षीनंतर, चहाच्या वेळीं आणि दिवेलागणीस असे आठ प्रसंग धरले, आणि प्रत्येक प्रसंगीं २०० मिलिलिटर दिलें, तर १,६०० मिलिलिटर होतात. घरांतील फुलपात्रांत किती पाणी मावतें तें एकदां मोजून पाहावें आणि प्रत्येक फुलपात्रामागें भिंतीवरील पंचांगावर एक रेघ ओढावी. तें सारें निव्वळ पाणीच असावें असेंहि नाहीं. चहा आणि कॉफी पाणी ‘मारतात’ ही समजूत बेताच्या प्रमाणापुरती निराधार आहे. तींहि हिशेबांत धरावीं. ताक, भाताची पेज, मुगाचें कढण, सार, कोकमाचें सरबत, यांतून जिभेला रुचेल तें द्यावें. ज्याला पाण्याचा कंटाळा असतो, तो कलिंगडाच्या फोडीला बहुधा नाहीं म्हणत नाहीं.

मात्र कांहीं रोग्यांच्या बाबतींत हा हिशेब निराळा असतो. ज्याचें हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बळ झालें आहे, त्याच्या पाण्याची मर्यादा डॉक्टरांनींच ठरवावयाची असते, आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला शहाळेंहि विचारल्यावांचून देऊं नये. मधुमेह असतां सरबताची साखर विसरूं नये. एकाच वेळीं भराभर पुष्कळ पाणी पाजणें हेंहि घातक आहे. त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें. अर्धांगवायूनंतर गिळण्याची क्रिया मंदावलेली असते, तेव्हां तर विशेष जपावें. रोग्याला उशा लावून ताठ बसवावें, हनुवटी किंचित् खालीं ठेवावी, लहान घोट द्यावा, तो गिळला गेला असें पाहून मगच दुसरा द्यावा, आणि नंतर अर्धा तास आडवें करूं नये. ठसका लागत असेल, किंवा पाण्यानंतर आवाज घरघरत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. आडव्या किंवा गुंगींत असलेल्या माणसाच्या तोंडांत पाणी ओतणें म्हणजे तें फुप्फुसांत घालणें होय.

घरच्या माणसानें हातानें पाजलेलें पाणी हें औषधाच्या तोडीचें असतें, याला इतिहासाची साक्ष आहे. १९७१ सालीं बांगला देशाच्या युद्धाच्या वेळीं सीमेवरील बनगांव येथें निर्वासितांच्या छावणींत पटकीची भयंकर सांथ आली. शिरेंतून देण्याचें सलाइन आणि तें देणारे शिकलेले हात, दोन्ही अपुरे पडले. तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ आणि ग्लुकोज यांचें मोजलेलें मिश्रण पाण्यांत विरघळवून तें रोग्यांच्या नातेवाइकांच्या हातीं दिलें, आणि पेल्यापेल्यानें पाजीत राहावयास सांगितलें. पूर्वीं शंभरांतील वीस ते तीस रोगी दगावत होते. या उपायानें तें प्रमाण चारांच्या आंत आलें. ग्लुकोजच्या सोबतीनें मीठ आंतड्यांत शोषलें जातें आणि त्यांच्या मागोमाग पाणीहि जातें, हें त्यांतील मर्म. आज हें मिश्रण ओ. आर. एस. या नांवानें प्रत्येक औषधाच्या दुकानांत मिळतें. तें न मिळाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यांत चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावें. अर्थात् हें जुलाबवांत्यांसाठीं आहे. रोजच्या पिण्याचें नव्हे.

परंतु दुसऱ्याला असें पेल्यापेल्यानें पाजणारा हात स्वतःसाठीं पेला केव्हां उचलतो? आपल्याकडे शुश्रूषेचा भार बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी यांजवर पडतो. आणि ‘सर्वांचें झालें म्हणजे मग आपलें’ हें वळण त्यांना लहानपणापासून लागलेलें असतें. रोग्याला एकटें सोडून उठतां येत नाहीं, म्हणून त्या पाणी पिण्याचें टाळतात. रुग्णालयांत सोबतीला राहिलेली स्त्री तर स्वच्छतागृह दूर आणि घाणेरडें आहे म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवते. शरीराच्या वजनाच्या शेंकडा १ ते २ इतकें पाणी घटलें तरी लक्ष आणि मनःस्थिति यांवर परिणाम होऊं लागतो. डोकें दुखतें, चीड येते, मूत्रमार्गाला जळजळ सुरू होते. रोग्याला खाटेवरून उचलतांना जिला घेरी आली, ती स्वतः पडते आणि त्यालाहि पाडते. हा त्याग कोणाच्याच उपयोगीं पडत नाहीं.

यावर उपाय अगदीं साधा आहे. उशाशीं तांब्याबरोबर एक नव्हे, दोन फुलपात्रें ठेवावीं. रोग्याचें भरतांना आपलेंहि भरावें आणि दोघांनीं बरोबर प्यावें. ‘आई, मी घेतें आहें, तुम्हीहि घ्या,’ असें म्हटलें म्हणजे पाणी ही सक्ति न राहतां सोबत होते. आणि जी सासू स्वतःसाठीं घोटभर घेत नाहीं, तीहि ‘तूं प्यालीस का ग?’ असें विचारून दुसऱ्याच्या निमित्तानें आपला पेला संपविते. पंचांगावर मग रेघांच्या दोन ओळी निघतील. घरांतील इतरांनीं ‘पाणी पीत जा’ असा नुसता उपदेश करूं नये; दिवसांतून तीनचारदां पंधरा मिनिटें खाटेपाशीं बसून तिला मोकळें करावें. तिला उठतां आलें, तरच तिला पितां येईल.

अखेरच्या दिवसांत मात्र शरीरच पाणी नाकारूं लागतें. तेव्हां आग्रह करूं नये. ओल्या फडक्यानें ओंठ आणि जीभ ओलावीत राहावी. त्या वेळीं गंगाजळाचा थेंब तोंडांत घालण्याचें महत्त्व आपल्या समाजांत मोठें आहे, आणि त्यासाठीं दूरदूरचीं मुलें धांवत येतात. तो थेंब चुकूं नये म्हणून जेवढी धडपड होते, तेवढीच आधींच्या साध्या दिवसांतील आठ फुलपात्रांसाठीं व्हावी. आणि तीं देणारी बाई तहानलेली राहिली नाहीं ना, हेंहि त्याच वेळीं कोणीतरी पाहावें.