नेपाळ यात्रेचा हातखर्च : पैसा आपलाच, हिशोबही आपलाच

(पाचगणी येथे प्रभागसंघाच्या सभेत लेखापाल ताईंनी केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



स्ट्रॉबेरीचा हंगाम सरला की आपल्याकडं यात्रेच्या गोष्टी निघतात. पंढरपूर झालं, काशी झाली, आता पशुपतिनाथ. नेपाळ जवळचं वाटतं, पण ते परदेशच आहे. तिथं नोट वेगळी, नियम वेगळे. म्हणून आज फक्त हातखर्चावर बोलते.

पहिला प्रश्न तुमच्यापैकीच काहींनी विचारलाय : यात्रेसाठी गटातून अंतर्गत कर्ज घ्यावं का? माझं मत स्पष्ट आहे. हातखर्चासाठी घेऊ नये. शेळी घेतली तर ती पिल्लं देते, शिलाई मशीन काम देते. यात्रेत खर्चलेला पैसा समाधान देतो, पण हप्ता देत नाही. समजा ६,००० रुपये घेतले आणि गटाचा दर महिन्याला २ टक्के असला, तर पहिल्याच महिन्याचं व्याज १२० रुपये. त्यापेक्षा गटाची बचत चालू ठेवून वेगळे ५०० रुपये दर महिन्याला टाका. वर्षात तेच ६,००० होतात आणि देवदर्शन बिनकर्जाचं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बऱ्याच जणी म्हणतात, "पैसे ह्यांच्याकडंच असतात," नाहीतर "टूरवाल्या दादांकडं दिलेत." बायांनो, काठमांडूच्या गर्दीत चुकामूक झाली तर? हातात रुपया नाही, फोन लागत नाही, हॉटेलचं नाव माहीत नाही. म्हणून प्रत्येकीकडं स्वतःचे पैसे हवेत आणि हॉटेलचं नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी हवी. पैसे तीन ठिकाणी ठेवा : थोडे पर्समध्ये, थोडे कमरेच्या पिशवीत, थोडे बॅगेत कपड्यांच्या आत.

आता नोटांचं बघू. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळचे १६० रुपये. हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, रोज बदलत नाही. नेपाळच्या नोटेवर आकडे देवनागरीत असतात, त्यामुळं वाचायला अडचण नाही. आपले १०० चे आणि त्याहून लहान रकमेचे रुपये तिथं बऱ्याच ठिकाणी घेतात. मोठ्या नोटांचं मात्र तसं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळनं आपल्या १०० पेक्षा मोठ्या नोटांवर बंदी आणली होती, आणि त्यानंतर नियम बदलत आलेत. निघायच्या आठवड्यात बँकेत विचारा. सगळ्यात निर्धास्त म्हणजे १०० च्या नोटा.

दुकानात भाव सांगितला की एकच प्रश्न विचारायचा : "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे नेपाळी. दुकानदार नुसतं "आठशे" म्हणाला आणि ते नेपाळी असले, तर आपले ५०० च झाले. न विचारता आपले ८०० काढून दिले, तर ३०० रुपये गेले.

तोंडी हिशोब सोपा आहे. नेपाळी भावाचा अर्धा करा आणि त्या अर्ध्याचा पाव भाग त्यात मिळवा. ८०० चे अर्धे ४००, त्याचा पाव १००, झाले ५००. घरी बसून चार-पाच भाव असे करून बघा, म्हणजे दुकानात गडबड होत नाही.

आता ६,००० ची वाटणी. समजा दहा दिवसांची यात्रा आहे आणि प्रवास, राहणं, जेवण टूरच्या पैशांत आहे. मग चहा, पाणी, रिक्षा यांना रोज १५० प्रमाणं १,५००. पूजा-दक्षिणेला ५००. खरेदीला २,०००. उरलेले २,००० अडीनडीचे, त्यांना हात लावायचा नाही. मनोकामना देवीच्या केबल कारचं भाडं टूरच्या पैशांत धरलंय का, हे निघण्याआधीच विचारून घ्या.

खरेदीचं खरं दुखणं वेगळंच असतं. जाताना अख्खी आळी सांगते, "मला एक रुद्राक्ष आण गं." त्याला तोडगा एकच : ज्यांना हवंय त्यांनी आधी पैसे द्यावेत, आणि आपण नाव नि रक्कम वहीत लिहावी. यात राग धरण्यासारखं काही नाही, गटात आपण हेच करतो. बाकी सगळ्यांना प्रसाद पुरे. रुद्राक्ष खरा की खोटा हे आपल्याला रस्त्यावर ओळखता येत नाही, म्हणून महागडा घेऊच नका.

फोनवरून पैसे देणाऱ्यांसाठी सांगते. मार्च २०२४ पासून नेपाळच्या काही दुकानांत आपलं यूपीआय चालतं. पण ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू करावा लागतो आणि इंटरनेट लागतं. एटीएम कार्डाचंही तसंच, परदेशातला वापर आधी चालू करून घ्यावा लागतो. दोन्ही कामं इथूनच करून जा, तरी भिस्त रोख पैशावरच ठेवा. आणि ध्यानात ठेवा, नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारी असते.

कागदपत्रांत मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट मूळ प्रत घ्या. नुसत्या आधार कार्डावर भरवसा ठेवून निघू नका.

परतताना उरलेले नेपाळी रुपये सीमेवरच बदलून घ्या, मोजून घ्या. इथं पाचगणीच्या बाजारात ते कुणी घेणार नाही.

शेवटचं. रोज रात्री झोपण्याआधी जमा, खर्च, शिल्लक अशा तीन ओळी लिहा. जी लिहू शकत नाही, तिचं शेजारणीनं लिहावं. आल्यावर ती वही सभेत आणा. पुढच्या वर्षी जाणारीला खरा खर्च किती येतो ते त्यातूनच कळेल. दहा रुपयांच्या बचतीपासून हिशोब शिकलेल्या बाया आपण, परदेशातही आपला हिशोब आपणच ठेवू.