जुन्या गाड्यांची कार्यशाळा आकुर्डीत हवी

जुन्या गाड्यांचे संग्रहालय म्हटले की आपल्याला संस्थानिकांच्या मोटारी आठवतात. पुण्याजवळच्या आकुर्डीत असे संग्रहालय निघाले, तर त्यात तशी एकही मोटार नसली तरी बिघडणार नाही. साठच्या दशकात इथे बजाज ऑटोच्या कारखान्यात इटलीच्या पियाज्यो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा तयार होत असे. तो करार 1971 मध्ये संपला आणि 1972 पासून चेतक आली. जवळच बजाज टेम्पोचा कारखाना होता. मालाचे तीनचाकी टेम्पो आणि 1969 पासूनची मॅटाडोर ही त्याची ओळख. पिंपरीत टेल्कोचे ट्रक बनले, दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या बसगाड्यांच्या बॉड्या बांधल्या गेल्या. महाराष्ट्राची भाजी, दूध, वऱ्हाडे आणि कारकुनांची कुटुंबे या गाड्यांनी वाहिली. त्या चालत्या स्थितीत राखायच्या असतील तर ते काम स्वयंसेवकांच्या कार्यशाळेतच होईल, आणि या कार्यशाळेचे पहिले स्वयंसेवक याच पट्ट्यातले निवृत्त कामगार असायला हवेत, असे माझे म्हणणे आहे.

कामगारच का? चेतकचे उदाहरण घेऊ. तिला वेगळा सांगाडा नाही, दाबून घडवलेला पत्राच सगळा भार पेलतो. गंज पाय ठेवायच्या पत्र्याला लागला, तर तेवढा तुकडा कापून नवा जोडावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने तो पत्रा जरा जरी ओढला गेला तरी पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत राहत नाही. कारखान्यात ही रेष जिगमध्ये, म्हणजे भाग जागच्या जागी धरणाऱ्या चौकटीत, पकडून राखली जाई. जिग भंगारात गेल्यावर उरतो तो माणसाचा अंदाज : पहिला टाका कुठे द्यायचा, कुठे थांबून पत्रा गार होऊ द्यायचा. ड्रॉइंगवर पत्र्याची जाडी लिहिलेली असते, हे लिहिलेले नसते. पॉइंटची फट बसवणे, इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून कार्ब्युरेटरचा जेट तुंबल्याचे ओळखणे, ही विद्याही तशीच हातात आणि कानात असते. बजाज ऑटोच्या आकुर्डीतल्या कारखान्यातले वाहन उत्पादन 2007 मध्ये थांबले. पहिल्या चेतकच्या वेळी विशीत भरती झालेला फिटर आज सत्तरी ओलांडून गेला आहे. 2022 पासून आकुर्डीत पुन्हा चेतक तयार होते, पण ती विजेवर चालणारी. तिला ना कार्ब्युरेटर, ना स्पार्क प्लग. त्यात तक्रारीचे काही नाही, पण जुनी विद्या त्या कारखान्यातून पुन्हा जन्मणार नाही, हे उघड आहे.

स्वयंसेवकांना हे झेपेल का, असा प्रश्न येतोच. वेल्समधली टॅलिलिन ही दगडी पाटीच्या खाणींसाठी बांधलेली छोटी रेल्वे 1950 मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडायच्या बेतात होती. लेखक आणि अभियंता एल. टी. सी. रोल्ट यांनी माणसे जमवली आणि 1951 मध्ये स्वयंसेवकांनी ती चालवायला घेतली. सुरुवातीला चालण्याजोगे इंजिन जेमतेम एक होते. ती रेल्वे आजही धावते, आणि जगभरच्या अशा चळवळींनी तिच्यापासून धडा घेतला. नुसत्या हौसेवर मात्र ती टिकली नाही. कामाची शिस्त, नोंदी आणि थोडे पगारी कर्मचारी यांची जोड तिला होती. आपल्याकडेही वाहने जपली जातात : अहिल्यानगरला 1994 मध्ये सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे, मुंबईत आणिक आगारात बेस्टचे आहे. पण त्यांच्यामागे लष्कर आणि बेस्ट उपक्रम उभे आहेत. आकुर्डीत बनलेल्या बजाजच्या रिक्षेमागे कोण उभे आहे?

कायदाही तिच्या बाजूने नाही. केंद्राने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी खुली केली, पण ती दुचाकींना आणि खासगी मोटारींना. पहिल्या चेतकांनी पन्नाशी गाठली, त्यांना हे दार उघडे आहे. प्रवासी रिक्षा आणि मालाचे टेम्पो त्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणजे सर्वाधिक राबलेली वाहनेच बाहेर राहिली. हा नियम करताना कष्टाच्या गाडीचा कोणी विचारच केला नसावा. शिवाय गाडी मूळ रूपात असावी, अशी अट आहे. मूळ रूप कोणते, हे ती बांधणाऱ्याइतके ठामपणे कोण सांगू शकेल?

दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला धुराचा. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणारी दोन-स्ट्रोक इंजिने हवा खराब करतात, हे खरेच. पण त्यांना पुन्हा पुणे-मुंबई रस्त्यावर आणा, असे कोणी म्हणत नाही. संग्रहालयाच्या आवारात महिन्यातून काही मिनिटे इंजिन चालवले तरी पुरे. फिरते भाग जखडत नाहीत आणि बघणाऱ्याला गाडी कळते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात महायुद्धातला टायगर रणगाडा असाच जपून, मोजक्या दिवशी चालवतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : आयुष्यभर राबलेल्या कामगाराकडून म्हातारपणी फुकट काम का घ्यायचे? म्हणूनच त्याला ओझी उचलायला लावू नये. त्याने शिकवावे, तपासावे, चूक दाखवावी. अंगमेहनत आयटीआयच्या मुलांनी करावी, कार्यशाळेचा प्रमुख पगारी असावा, येण्याजाण्याचा खर्च आणि विमा संस्थेने द्यावा. पैसा कुठून, हे विचारायचीही गरज नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चायला सांगितले आहेत आणि राष्ट्रीय वारशाचे जतन त्या कामांच्या यादीत आहे.

जागा आणि निधी मिळायला वेळ लागेल. तोवर श्रोत्यांपैकी ज्यांनी या कारखान्यांत काम केले असेल, त्यांनी घरातली गेज, जुनी ड्रॉइंग, प्रशिक्षणाच्या वह्या रद्दीत वा भंगारात देऊ नयेत. आणि ज्यांचे वडील किंवा आजोबा तिथे फिटर, वेल्डर, टर्नर होते, त्यांनी काम कसे करायचे ते त्यांच्याकडून पायरीपायरीने बोलून घ्यावे आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.